नेफ्रोटिक असलेल्या मुलाची रोजची वही कशासाठी, आणि संशोधनात त्याचं नाव द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोळ तालुक्यातल्या एका कुटुंबातला चार वर्षांचा मुलगा, सूज नसतानाचं वजन १४ किलो. नेफ्रोटिक सिंड्रोमचं (किडनीतून प्रोटीन गळण्याचा आजार) निदान होऊन वर्ष होत आलंय आणि दुसरा रिलॅप्स, म्हणजे आजार पुन्हा उलटणं, सुरू आहे. रोज सकाळची लघवी तपासून वहीत लिहायला सांगितलंय. 'पोरगं बरं दिसत असताना रोज कशाला?' असं घरच्यांना वाटतं. शिवाय कोल्हापुरात तपासणीला गेल्यावर एका संशोधनासाठी विचारणा झाली: मुलाचं नाव द्याल का, रिलॅप्सच्या वेळी एकदा आणि बरा असताना एकदा रक्त-लघवीचा नमुना द्याल का? आजीचं म्हणणं, नातवावर प्रयोग नकोत.

हे दोन प्रश्न वेगळे दिसले तरी दोन्हींचं उत्तर त्या वहीतच आहे. औषध कधी सुरू करायचं, कधी उतरवायचं, मूल वारंवार रिलॅप्स होणाऱ्यांत मोडतं का, पुढचं जड औषध लागेल का, हे सगळं वहीतल्या नोंदींवरून ठरतं. आणि या आजारावरच्या संशोधनाचा मोठा भाग आईवडिलांनी घरी केलेल्या अशाच नोंदींवर उभा आहे. म्हणून आधी वही, मग संशोधन.

किडनीत रक्त गाळणारे लाखो सूक्ष्म गुच्छ असतात. त्यांच्यावर पोडोसाइट नावाच्या पेशी बोटांसारखे पाय रोवून बसलेल्या असतात आणि त्या पायांमधल्या फटीत नेफ्रिन वगैरे प्रथिनांची बारीक जाळी असते. नेफ्रोटिकमध्ये हे पाय चपटे होतात, जाळी सैल पडते आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन लघवीत गळायला लागतं. रक्तातलं अल्ब्युमिन डेसिलिटरला ३ ग्रॅमच्या खाली गेलं की सूज दिसते. सकाळी डोळ्यांभोवती, संध्याकाळी पायांवर, मुलग्यांत वृषणावर आणि मग पोटात. सकाळची डोळ्यांची सूज दुपारपर्यंत उतरते, म्हणून सुरुवातीला पुष्कळ मुलांना ॲलर्जीचं औषध दिलं जातं आणि आठवडा-दोन आठवडे वाया जातात. अल्ब्युमिनबरोबर जंतूंशी लढणारी प्रथिनं आणि रक्त गोठू न देणारं अँटिथ्रॉम्बिनही वाहून जातं. त्यामुळे संसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या हे या आजाराचे खरे धोके आहेत. सूज डोळ्यांना दिसते म्हणून घर घाबरतं, पण डॉक्टर घाबरतात ते या दोन गोष्टींना.

आता तपासणी. लघवी सकाळची पहिलीच हवी. काही मुलांच्या लघवीत दिवसभर उभं राहून, खेळून थोडं प्रोटीन येतं, त्याचा आजाराशी संबंध नसतो. रात्रभर आडवं राहिल्यानंतरच्या पहिल्या लघवीत हा गोंधळ टळतो. भांडं कोरडं आणि स्वच्छ घ्या, त्यात साबणाचा किंवा जंतुनाशकाचा अंश राहू देऊ नका, कारण त्याने लघवीत बुडवायची रंगपट्टी (स्ट्रिप) खोटी रंगते. प्रोटीन आणि साखर अशा दोन चौकोनांची स्ट्रिप पुरते, दहा चौकोनांची महागडी घेण्याची गरज नाही. स्ट्रिप लघवीत बुडवून लगेच बाहेर काढा, कडेला टेकवून जास्तीचं पाणी निथळू द्या, घड्याळ लावा आणि ६० सेकंदांनी दिवसाच्या उजेडात बाटलीवरच्या रंगाशी जुळवा. दोन-तीन मिनिटं ठेवून पाहिलं तर रंग गडद होतो आणि 'ट्रेस'चं (प्रोटीनचा जेमतेम अंश) १+ वाटतं. बाटलीचं झाकण लगेच घट्ट लावा आणि आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की उघडी राहिलेली बाटली आठवडाभरात भरवशाची राहत नाही. न्हाणीघरात किंवा फ्रिजमध्ये ती ठेवू नका. साखरेचा चौकोन रंगला तर तेही डॉक्टरांना कळवा, कारण स्टिरॉईडमुळे काही मुलांची रक्तातली साखर चढते.

स्ट्रिप परवडत नसेल तर सल्फोसॅलिसिलिक ॲसिडची बाटली स्वस्त पडते. काचेच्या नळीत लघवी घेऊन डॉक्टरांनी दाखवलेल्या प्रमाणात थेंब टाकायचे आणि नळीमागे छापील कागद धरायचा. काहीच गढूळपणा नाही म्हणजे निल. जेमतेम गढूळ म्हणजे ट्रेस. गढूळ, पण छापील अक्षरं वाचता येतात, तर १+. पांढरा ढग आलाय, अक्षरं वाचता येत नाहीत, पण ठळक काळ्या रेघा दिसतात, तर २+. रेघाही दिसेनाशा झाल्या आणि बारीक कण दिसले तर ३+. दह्यासारख्या गुठळ्या झाल्या तर ४+. लघवी तापवून पाहण्याची जुनी पद्धतही चालते, फक्त गढूळ झाल्यावर त्यात सौम्य ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकायला विसरू नका. गढूळपणा विरघळला तर ते फॉस्फेट, टिकला तर प्रोटीन. कुठलीही एक पद्धत धरा आणि घरात शक्यतो एकाच माणसाने वाचन करा. आज आई, उद्या काका, परवा आत्या असं झालं की १+ आणि २+ मधला फरक माणसागणिक बदलतो.

वहीत रकाने असे हवेत: तारीख, लघवी, प्रेडनिसोलोन (या आजारातलं मुख्य स्टिरॉईड) किती मिलिग्रॅम, इतर औषधं, वजन, आणि सर्दी-ताप-जुलाब वगैरे. 'दोन गोळ्या' असं कधी लिहू नका. प्रेडनिसोलोन ५, १०, २० मिलिग्रॅममध्ये मिळतं. दुकानात १० ची पट्टी संपली म्हणून २० ची दिली आणि घरी 'दोन गोळ्या' चालूच राहिल्या, की मुलाला दुप्पट डोस जातो. दुसरी चूक म्हणजे नावांची. मिथाइलप्रेडनिसोलोन ४ मिलिग्रॅम किंवा डेफ्लाझाकॉर्ट ६ मिलिग्रॅम हे ढोबळमानाने प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅमच्या बरोबरीचे आहेत. 'तेच औषध आहे' म्हणून आकडा तोच ठेवला तर हिशोब चुकतो. नेफ्रोटिकमध्ये जवळजवळ सगळा अभ्यास प्रेडनिसोलोन आणि प्रेडनिसोनवर झालाय, म्हणून तेच घ्यावं आणि पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

एक नमुना दाखवतो. एक दिवसाआड २० मिलिग्रॅम चालू असलेल्या मुलाच्या वहीतले सहा दिवस असे दिसू शकतात:

१४ जुलै: ट्रेस, प्रेड २०, वजन १४.१, ठीक
१५ जुलै: निल, प्रेड नाही, रात्री नाक गळायला लागलं
१६ जुलै: १+, प्रेड २०, ताप १०१
१७ जुलै: ३+, प्रेड नाही, वजन १४.३, ताप उतरला
१८ जुलै: ३+, प्रेड २०, वजन १४.६, सकाळी डोळे जड
१९ जुलै: ४+, प्रेड नाही, वजन १४.९, डॉक्टरांना फोन केला

एवढ्यावरून चार गोष्टी कळतात. १६ तारखेचं १+ तापामुळेही असू शकलं असतं. तापात थोडं प्रोटीन येतं आणि आपोआप जातं, म्हणून एका दिवसावर स्टिरॉईड वाढवत नाहीत. १७, १८, १९ असे सलग तीन दिवस ३+ किंवा ४+ आलं, म्हणजे नियमाने रिलॅप्स ठरला. वजन पाच दिवसांत ८०० ग्रॅम वाढलं, ते पाणी आहे. आणि चौथी गोष्ट सगळ्यात मोलाची: हा रिलॅप्स एक दिवसाआडचं औषध चालू असताना झाला. एक दिवसाआडच्या औषधावर किंवा ते बंद केल्यापासून १४ दिवसांच्या आत असे लागोपाठ दोन रिलॅप्स झाले, तर मूल 'स्टिरॉईडवर अवलंबून' असं धरतात आणि मग लेव्हामिसोल, मायकोफेनोलेट अशा, स्टिरॉईडची गरज कमी करणाऱ्या औषधांचा विचार होतो. वही नसेल तर पालक एवढंच सांगू शकतात की 'जुलैत सूज आली होती'. त्या वाक्यावर औषध ठरवता येत नाही.

डोसबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. इंडियन सोसायटी ऑफ पेडिॲट्रिक नेफ्रॉलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिल्या वेळी प्रेडनिसोलोन शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला रोज ६० मिलिग्रॅम, ढोबळमानाने किलोला २ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ६०, असं ६ आठवडे. मग चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम, म्हणजे किलोला १.५, जास्तीत जास्त ४०, एक दिवसाआड सकाळी, पुढचे ६ आठवडे. मग बंद. रिलॅप्सला मात्र रोजचा डोस लघवी सलग तीन दिवस निल किंवा ट्रेस येईपर्यंतच, आणि नंतर एक दिवसाआड ४ आठवडे. म्हणजे रिलॅप्सचा कोर्स किती दिवस चालणार, हे तुमच्या घरातली स्ट्रिप ठरवते. दोन दिवस निल, तिसऱ्या दिवशी १+ आलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सूज उतरली म्हणून औषध उतरवणं चूक आहे. मीठ कमी केल्याने सूज आधी उतरू शकते आणि लघवीत प्रोटीन तसंच जात राहतं.

लहान मुलांत किलोचं गणित आणि चौरस मीटरचं गणित एकच उत्तर देत नाही. तुमच्या मुलाची उंची ९८ सेंटीमीटर धरली तर ९८ गुणिले १४, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ, म्हणजे पृष्ठभाग सुमारे ०.६२ चौरस मीटर. गुणिले ६० केलं तर ३७ मिलिग्रॅम. किलोने मोजलं तर २८. नऊ मिलिग्रॅमचा फरक या वयात थोडा नाही. कुठलं गणित वापरायचं हे डॉक्टर ठरवतील, पण कुठलं वापरलं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, नाहीतर डॉक्टर बदलले की मुलाचा डोस विनाकारण वरखाली होतो. आणि वजन धरायचं ते सूज नसतानाचं.

'एक दिवसाआड' हे शब्द सोपे, पण पाळताना घसरतात. बरेच जण विषम तारखा धरतात. ३१ जुलैला गोळी दिली आणि १ ऑगस्टलाही दिली, कारण दोन्ही विषम. ऑगस्टही ३१ दिवसांचा, म्हणून महिन्याच्या शेवटी पुन्हा तेच. उलट सोम-बुध-शुक्र धरलं तर शनिवार-रविवार सलग दोन दिवस खाडा पडतो. कॅलेंडरवर पुढच्या सहा आठवड्यांच्या एकवीस खुणा एकदाच करून टाकणं सगळ्यात बरं. गोळी सकाळी नाश्त्यानंतर द्या. उलटीत गोळी पडली तर डॉक्टरांना विचारून पुन्हा द्या, पण दिवसभर काहीच पोटात टिकत नसेल तर घरी थांबू नका. ज्या मुलाला गेल्या वर्षभरात दोन आठवड्यांहून जास्त मोठ्या डोसचं स्टिरॉईड मिळालंय, त्याच्या शरीराचं स्वतःचं स्टिरॉईड कमी पडू शकतं. मोठा ताप, जुलाब-उलट्या किंवा ऑपरेशन अशा वेळी त्याला इंजेक्शनमधून ते द्यावं लागतं. हे वहीच्या कव्हरवर लाल शाईने लिहून ठेवा, म्हणजे रात्री-अपरात्री नव्या डॉक्टरकडे जावं लागलं तरी त्यांना ते लगेच दिसेल.

वही बाजूला ठेवून ताबडतोब निघायचं कधी, तेही सांगतो. पोटात दुखणं, बरोबर ताप किंवा उलट्या: सूज असलेल्या मुलात हा पोटातल्या पाण्याचा जंतुसंसर्ग असू शकतो, आणि स्टिरॉईड चालू असल्याने ताप किरकोळच दिसतो. जोराची डोकेदुखी, झटका, एकच पाय सुजून दुखणं: रक्ताची गुठळी असू शकते. हातपाय गार, लघवी फार कमी, मूल मलूल: रक्तवाहिन्यांत पाणी कमी पडलंय. सूज दिसतेय म्हणून अशा मुलाला घरी लघवीची गोळी देणं घातक आहे, कारण शरीर सुजलेलं असलं तरी रक्तवाहिन्या रिकाम्या असतात. कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला तर पुरळ येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा.

खाण्याबद्दल आपल्याकडे दोन टोकं दिसतात: एक तर सगळं बंद, नाहीतर अंडी आणि प्रोटीन पावडरचा मारा. लघवीतून प्रोटीन जातंय म्हणून दुप्पट खायला घालून ते भरून निघत नाही. वयाला लागतं तेवढं डाळ, दूध, अंडं पुरे. पथ्य खरं मिठाचं, तेही सूज असेपर्यंत काटेकोर: दिवसाला १ ते २ ग्रॅम, म्हणजे लहान चमच्याचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा. कोल्हापुरी घरात अडचण अशी की कांदा-लसूण चटणीत मीठ आधीच कांडलेलं असतं. आमटीत वरून मीठ टाकलं नाही तरी चटणीतून जातंच. मुलासाठी वेगळं, बिनमिठाचं लाल तिखट ठेवा आणि फोडणीत लसूण, जिरं, कोथिंबीर, लिंबू जास्त वापरा. रश्श्यात मीठ पडण्याआधी त्याचा वाटा बाजूला काढा. भाकरी आणि भात बिनमिठाचेच असतात, ती सोय आहे. भडंग, फरसाण, खारी, पापड, लोणचं, चिप्स हे सूज असताना पूर्ण बंद. स्टिरॉईडने भूक प्रचंड लागते. तेव्हा हातात बिस्किटाचा पुडा देण्याऐवजी काकडी, गाजर, फळ, बिनमिठाच्या भाजक्या लाह्या द्या. सूज उतरली की घरचं नेहमीचं जेवण चालतं, फक्त वरून मीठ नको. झाडपाल्याची औषधं आणि भस्मं अजिबात नकोत. काहींत जड धातू असतात आणि ते थेट किडनीवर बसतात.

लशींचं एवढंच: मोठ्या डोसचं स्टिरॉईड १४ दिवसांहून जास्त चालू असेल तर गोवर-रुबेला, कांजिण्या अशा जिवंत लशी तेव्हा देत नाहीत, ते बंद झाल्यावर किमान ४ आठवडे थांबतात. न्यूमोकोकलची आणि दरवर्षीची फ्लूची लस मात्र जरूर द्यावी.

शिरोळकडच्या घरांना आणखी एक सांगतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत रस्ते तुटले, पुणे-बंगळूर महामार्गही बंद झाला. स्टिरॉईड एकाएकी बंद पडणं या मुलांना परवडत नाही. जूनपासून चार आठवड्यांच्या गोळ्या, स्ट्रिपची एक बंद बाटली आणि प्रिस्क्रिप्शन असं सगळं झिपच्या प्लास्टिक पिशवीत तयार ठेवा आणि वहीच्या पानांचे फोटो दर आठवड्याला मोबाइलमध्ये काढा.

आता संशोधन.

स्टिरॉईड आणि अँटिबायोटिक येण्याआधी यातली बरीच मुलं जंतुसंसर्गाने दगावायची. १९५० च्या दशकात स्टिरॉईड आलं, पण प्रत्येक रुग्णालयाचा डोस वेगळा आणि 'बरं झालं'ची व्याख्याही वेगळी. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री बार्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतली रुग्णालयं एकत्र आणून 'इंटरनॅशनल स्टडी ऑफ किडनी डिसीज इन चिल्ड्रन' उभा केला. त्यांनी सगळ्यांना एकच डोस, एकच मोजणी लावली. सलग तीन दिवसांचा जो नियम तुम्ही वहीत पाळता, तो तिथून आला. त्यातल्या ५२१ मुलांच्या बायोप्सींतून (सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून केलेली तपासणी) दिसलं की सुमारे तीन-चतुर्थांश मुलांत मिनिमल चेंज हा सौम्य प्रकार आहे आणि त्यातली ९० टक्क्यांहून जास्त मुलं स्टिरॉईडने बरी होतात. त्या एका कामामुळे आज तुमच्या मुलाला पहिल्याच दिवशी किडनीत सुई न घालता गोळ्या सुरू करता येतात. वय एक वर्षाच्या आत असेल, लघवीत उघड रक्त असेल, बीपी चढलेलंच राहत असेल, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावल्याची खूण) वाढलेलं असेल किंवा सहा आठवडे रोज स्टिरॉईड देऊनही लघवी साफ होत नसेल, तर बायोप्सीचा विचार होतो. आपल्या देशात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. आर. एन. श्रीवास्तव आणि नंतर डॉ. अरविंद बग्गा यांनी हा विषय उभा केला. २००१, २००८ आणि २०२१ च्या भारतीय मार्गदर्शक सूचनांमुळे कोल्हापुरात आणि दिल्लीत मुलाला एकाच पद्धतीने औषध मिळू शकतं.

कोर्स किती लांब असावा, या प्रश्नाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. आधी ४ आठवडे रोज आणि ४ आठवडे एक दिवसाआड द्यायचे. १९९३ मध्ये जर्मन अभ्यासात ६ अधिक ६ आठवडे दिल्यावर रिलॅप्स कमी दिसले. मग लांब कोर्सची लाट आली, सहा-सहा महिने स्टिरॉईड दिलं गेलं. पण त्या वेळच्या बऱ्याच अभ्यासांत कोणाला काय चाललंय हे पालक आणि डॉक्टर दोघांनाही माहीत असायचं, त्यामुळे मोजणीत नकळत झुकाव येतो. पुढे ३ महिने विरुद्ध ६ महिने असा अभ्यास नेदरलँड्समध्ये १५० मुलांत आणि भारतात १८१ मुलांत झाला. इंग्लंडमध्ये २३७ मुलांत ८ आठवडे विरुद्ध १६ आठवडे असा झाला आणि २०१९ मध्ये छापून आला. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या प्लासिबो गोळ्या वापरून कोणाला काय मिळतंय हे लपवलेलं होतं. लांब कोर्सचा फायदा टिकला नाही. आज तुमचा मुलगा बारा आठवड्यांत पहिल्या कोर्समधून मोकळा होतो, त्याला तीन महिने जास्तीचं स्टिरॉईड, गोल चेहरा, खुंटलेली उंची आणि मोतीबिंदूचा धोका सोसावा लागत नाही. हे त्या कुटुंबांनी रोज सकाळी प्रामाणिकपणे लिहिलेल्या नोंदींमुळे कळलं. माझ्या मते बालकिडनीविकारातलं हे सगळ्यात उपयोगी संशोधन आहे, आणि त्यात एकही नवं औषध नव्हतं.

सर्दी-तापात एक दिवसाआडचं औषध काही दिवस रोज द्यावं का, हा वाद अजून मिटलेला नाही. २०११ मध्ये भारतीय अभ्यासात, वारंवार रिलॅप्स होणाऱ्या आणि एक दिवसाआड औषध चालू असलेल्या मुलांत त्याचा फायदा दिसला. २०२२ मध्ये ब्रिटिश अभ्यासात सर्दी सुरू होताच सहा दिवस रोज कमी डोस दिला, तर फरक पडला नाही. मुलं वेगळी, आधीचे डोस वेगळे. म्हणून हे स्वतःच्या मनाने करू नका, तुमच्या मुलासाठी काय ठरलंय ते वहीत लिहून घ्या.

तुमच्याकडे रक्त दोनदा का मागितलं, याचं उत्तरही अलीकडच्या कामात आहे. जाळीतलं नेफ्रिन हे प्रथिन १९९८ मध्ये एका जन्मजात आजाराच्या अभ्यासातून सापडलं. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या युरोपीय अभ्यासात, आजार चालू असलेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू नसलेल्या ९० टक्के मुलांच्या रक्तात नेफ्रिनविरोधी प्रतिपिंडं (शरीराने स्वतःच्याच नेफ्रिनविरुद्ध बनवलेली प्रथिनं) आढळली. आजार शांत झाला की ती कमी होतात. म्हणजे नमुना रिलॅप्सचा आहे की बरा असतानाचा, हे नेमकं माहीत नसेल तर त्या रक्ताचा काही उपयोग नाही. ती खात्री फक्त घरची वही देऊ शकते. म्हणून कळकळीची विनंती: तपासणीच्या आदल्या रात्री बसून गेल्या पंधरा दिवसांचे रिकामे रकाने 'निल' लिहून भरू नका. राहिलेला दिवस रिकामा ठेवा. रिकाम्या जागेचं गणित करता येतं, खोट्या 'निल'चं करता येत नाही, आणि त्याचा पहिला फटका तुमच्याच मुलाच्या डोसला बसतो.

नाव द्यावं का? नुसते नमुने आणि नोंदी मागणारा अभ्यास असेल तर माझा सल्ला 'द्या' असा आहे, पण काही गोष्टी विचारून घ्या. आचारसमितीची (एथिक्स कमिटी) मंजुरी आहे का आणि माहितीपत्रक मराठीत मिळेल का? किती रक्त घेणार? १४ किलोच्या मुलाच्या अंगात सुमारे १ लिटर रक्त असतं. ५ मिलिलिटर म्हणजे त्याच्या अर्धा टक्का, ते चालतं. नेहमीच्या तपासणीचं रक्त काढतानाच हे काढतील का, की वेगळी सुई? जनुकांची तपासणी होणार असेल तर निकाल आपल्याला कळवणार का आणि उरलेला नमुना किती वर्षं ठेवणार? स्टिरॉईडने बऱ्या होणाऱ्या मुलांना उपचारासाठी जनुकतपासणी सहसा लागत नाही, त्यामुळे ती कशासाठी हे स्पष्ट व्हायला हवं. कधीही नाव काढून घेता येतं आणि त्याने उपचार थांबत नाहीत, हे लेखी असलं पाहिजे.

औषधाची चाचणी असेल तर चौकशी जास्त करा. भारतातल्या चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियामध्ये व्हावी लागते, २००९ पासून ती सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि डॉक्टरांसमोरच मोबाइलवर उघडून बघा. दोन गटांत काय काय दिलं जाणार, रिलॅप्स झाला तर नेहमीचं औषध लगेच मिळणार का, हे विचारा. २०१९ च्या नियमांत चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे, ते कलम संमतिपत्रात वाचून घ्या. सही आईवडिलांची लागते. मूल सात वर्षांचं झालं की त्याचीही तोंडी तयारी विचारतात, बारानंतर लेखी. तुमचा मुलगा चारच वर्षांचा आहे, तरी सुई टोचणार हे त्याला आधी खरं सांगा. आजींना 'प्रयोग' या शब्दाची भीती वाटते, तर त्यांना सही करायच्या दिवशी बरोबर घेऊन जा आणि संशोधकांना त्यांच्यासमोर सगळं समजावून सांगायला लावा. जो संशोधक आजीला समजेल असं सांगू शकत नाही किंवा 'उद्याच सही हवी' म्हणतो, त्याला नाही म्हणा.

होकार दिलात तर एक व्यवस्था आधीच ठरवून ठेवा. रिलॅप्सचा नमुना रोजचा डोस सुरू होण्याआधी घ्यावा लागतो, आणि नमुन्यासाठी औषध लांबवायचं नाही. म्हणून ३+ चा पहिलाच दिवस दिसला की डॉक्टर आणि अभ्यासाची नर्स दोघांना कळवायचं, दुसऱ्या दिवशीचं वाचनही पाठवायचं. तिसऱ्या सकाळची स्ट्रिप रंगली की न्याहारीआधी निघायचं, गोळ्या बरोबर घ्यायच्या, नमुना दिला की तिथेच मुलाला खाऊ घालून पहिला डोस द्यायचा. रस्ता बंद असेल, मुलाला ताप किंवा पोटदुखी असेल, तर नमुना राहू द्या आणि जवळच्या रुग्णालयात जाऊन उपचार सुरू करा.